पाचवीचा कागद

आजी काचेच्या दाराबाहेर उभ्या होत्या, पदराखाली काहीतरी घट्ट धरून. आत दुपारी दोनच्या फीडची गडबड चालू होती. मी दाराशी गेले तशा हळूच म्हणाल्या, "बाई, पाचवी हाय आज तिची. एवढं तिच्या उशाला ठिवा." पदराखालून निघालं ते शाळेच्या वहीचं एक कोरं पान, चार घड्या घातलेलं, आणि निळ्या टोपणाचं पेन.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी कागद-पेन ठेवायचं. माझ्या पाचवीलाही आईनं पाट्या-वरवंट्याशेजारी ठेवलं होतं म्हणे. पण हा नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. इथं उशी नसते. बाळ वॉर्मरखाली, नाळेतून घातलेली नळी, नाकाशी श्वासाला हवेचा दाब देणारं सीपॅप, पायाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवायचे. मी पेन आजींना परत दिलं, कागद घेतला आणि "ठेवते" म्हणाले. बाळाच्या फाइलच्या मागच्या कप्प्यात तो सरकवला. फाइल बाळाच्या पायथ्याशी अडकवलेली असते. उशाला नाही तर नाही, पायथ्याला तरी.

मुलगी होती. एकतीस आठवड्यांची, ११८० ग्रॅम. संध्याकाळी लॅबचा मुलगा रिपोर्ट घेऊन आला आणि तो कागदही मी त्याच फाइलमध्ये लावला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. अँपिसिलिन, आर. जेंटामायसिन, आर. अमिकासिन, आर. सेफोटॅक्झिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, सगळ्यांपुढे आर. अगदी शेवटच्या ओळीत कोलिस्टिन, त्याच्यापुढे एस. आर म्हणजे रेझिस्टंट, या औषधाला जंतू दाद देत नाही. एस म्हणजे सेन्सिटिव्ह. वर जंतूचं नाव लिहिलेलं: क्लेबसिएला.

ही २०१६ सालची गोष्ट. त्या रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. तिथं जे घडलं ते मोठ्या शहरातल्या चकचकीत रुग्णालयात घडतं आणि तालुक्याच्या ठिकाणीही घडतं, हे तीस वर्षं याच कामात काढल्यावर मला माहीत आहे.

तिच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीच्या मुलीनं ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपवून बाळं सोपवताना, म्हटलं होतं, "मॅडम, सात नंबर बरं दिसत नाहीये." आमच्या कामात या वाक्याइतकं धास्तीचं वाक्य नाही. रात्रीपर्यंत पचणारं दूध पचेनासं होतं, नळीतून हिरवट मागं येतं. तळपाय गार लागतात. गुलाबी रंगावर राखेची झाक येते. मध्येच बाळ श्वास घ्यायचं विसरतं आणि पाठीवर टिचकी मारली की पुन्हा आठवतं. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढतो. इतकं लहान बाळ बहुतेकदा उलट थंड पडतं. आईकडून मिळायची ती रोगप्रतिकारक शक्ती नाळेतून येते, आणि तिचा मोठा हिस्सा शेवटच्या तीन महिन्यांत येतो. जे बाळ त्या तीन महिन्यांच्या सुरुवातीलाच बाहेर आलं, ते रिकाम्या हातानंच आलं.

कल्चरसाठी, म्हणजे त्यात कुठला जंतू वाढतो ते लॅबमध्ये बघायला, रक्त काढलं. ११८० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम शंभर मिलिलिटर रक्त असतं, एक कप चहाएवढं. त्यातलं एक मिलिलिटर बाटलीत घालायचं आणि वाट बघायची. वाट बघता बघता औषध सुरू करावंच लागतं, कारण बाळाकडे दोन दिवस नसतात. आधी नेहमीची दोन, मग वरचं, मग त्याच्याही वरचं. "वरचं औषध" हा आमच्या वॉर्डातला शब्द. नातेवाईकही शिकतात. "डॉक्टर, वरचं काही नाही का?" असं विचारतात.

रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर मी खाली लॅबमध्ये गेले. तिथल्या मॅडम ओळखीच्या होत्या. "मला ती प्लेट बघायची आहे," म्हटलं. त्यांनी दोन प्लेटा काढून उजेडात धरल्या. पहिली दुसऱ्याच कुणा पेशंटची. फिकट पिवळ्या जेलीवर जंतूंचा पातळ थर, दुधावर नुकत्या धरलेल्या सायीसारखा. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या पांढऱ्या टिकल्या, आणि प्रत्येक टिकलीभोवती स्वच्छ गोल, बोटानं साय बाजूला सारावी तसा. जिथवर औषध झिरपलं तिथवर जंतू नाही. मग त्यांनी दुसरी प्लेट पुढे केली, आमच्या बाळाची. टिकल्या त्याच. साय मात्र सरळ टिकल्यांच्या कडेला येऊन भिडलेली. कोलिस्टिन सोडलं तर एकीभोवतीही गोल नव्हता. मॅडमनी काचेवरून मेरोपेनेमच्या, आमच्या "वरच्या" औषधाच्या, टिकलीवर नख टेकवलं आणि म्हणाल्या, "ही तरी सुटेल असं वाटलं होतं मला."

तो गोल मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या आठव्या वर्षी, चौकटीच्या वहीत. माझे वडील पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. आम्ही सगळे त्याला एच.ए. म्हणायचो. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं सरकारनं तो कारखाना उभा केला आणि पुढच्याच वर्षी तिथून पेनिसिलिन निघू लागलं. वडील बासष्ट साली लागले, कुप्या भरण्याच्या विभागात. सकाळी जाताना नखं कापलेली आहेत का ते बघून जायचे. आत पांढरा झगा, तोंडाला फडकं, डोक्याला टोपी. बाद झालेली रबरी बुचं कधीतरी घरी यायची आणि आम्ही त्यांची काड्यापेटीच्या गाडीला चाकं करायचो.

एकदा मी विचारलं, तुमचं औषध नक्की करतं काय? त्यांनी माझी वही ओढली, पेन्सिल आडवी धरून सगळं पान करडं केलं आणि म्हणाले, हे जंतू. मग आईची बांगडी त्यावर ठेवून आतलं सगळं खोडरबरानं खोडून टाकलं. "आणि हे पेनिसिलिन." पांढरा स्वच्छ गोल राहिला. त्यांची थोरली बहीण बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी तापानं गेली होती. बाळंतरोग म्हणायचे तेव्हा. गावात तेव्हा असलं औषध पोचलेलं नव्हतं. वडील ती गोष्ट कधी रडून सांगायचे नाहीत. कुपीला बूच लागलं की खटकन आवाज यायचा, त्या आवाजाविषयी सांगताना मात्र त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा.

मी नर्सिंगला गेले त्यात त्या बांगडीचा वाटा आहे. म्हणून लॅबमध्ये ती प्लेट हातात घेऊन उभी असताना मला पहिल्यांदा आठवले ते वडील. ते असते तर त्यांना मी ती दाखवली नसती.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ च्या डिसेंबरात नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात एक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. १९४५ साली, हं. पिंपरीत तेव्हा कारखान्याची वीटही नव्हती. मी ही गोष्ट खूप उशिरा वाचली. त्यात मला खटकलं आणि राहून राहून आठवतं ते इतकंच की औषध घेतलं एकानं आणि मेली दुसरी. तिनं काहीच केलं नव्हतं.

आमच्या सात नंबरनंही काही केलं नव्हतं. जन्मून तीन दिवस झालेलं बाळ. आयुष्यात अँटिबायोटिकची एक गोळी घेतलेली नाही, एक थेंबही नाही. आणि तिच्या रक्तात सापडलेल्या जंतूला आमचं औषधांचं सगळं कपाट पाठ होतं. ते त्याला शिकवलं कुणी? तिच्या आधी त्या वॉर्डात येऊन गेलेल्या शेकडो बाळांच्या औषधांनी. बाजूच्या इमारतीतल्या मोठ्यांच्या आयसीयूनं. गावोगावच्या सर्दी-खोकल्यांना दिलेल्या पुड्यांनी. कोंबड्यांच्या खाद्यानं. सांडपाण्यानं. जंतू हे ज्ञान स्वतःजवळ ठेवत नाहीत. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं एक छोटं कडं असतं, त्यात ही विद्या लिहिलेली असते, आणि एक जंतू ते कडं दुसऱ्याला देतो. शेजारणीनं शेजारणीला मसाल्याचं प्रमाण लिहून द्यावं तसं. दुसरा जंतू त्याच जातीचा असायलाही लागत नाही.

२००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या शरीरात असाच एक जंतू सापडला. तो रुग्ण आधी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून त्या जंतूच्या औषध निकामी करणाऱ्या एन्झाइमच्या नावात नवी दिल्ली आली: एनडीएम-१. २०१० मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांवरच्या नियतकालिकात त्यावर मोठा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ झाला. राजधानीचं नाव का दिलं, वैद्यकीय पर्यटनाला बट्टा लावायचा डाव आहे, वगैरे. नावावरचा राग मी समजू शकते. पण त्या दिवसांत आमच्या वॉर्डात सगळे नावाबद्दलच बोलत होते आणि बेसिनचा नळ मात्र कोपरानं बंद होत नव्हता, हातानंच करावा लागत होता, हे मला स्पष्ट आठवतं.

दिल्लीतल्याच तीन मोठ्या रुग्णालयांनी मिळून २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे आमच्या या बाळाच्याच वर्षी. सुमारे चौदा टक्के बाळांना गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. सर्वांत जास्त सापडला अ‍ॅसिनेटोबॅक्टर, त्याच्या मागोमाग क्लेबसिएला. अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के आणि क्लेबसिएलापैकी ५४ टक्के बहुऔषधरोधक, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रकारच्या औषधांना दाद न देणारे. मला सगळ्यात हादरवलं ते पुढच्या निष्कर्षानं. जवळजवळ दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या बहात्तर तासांतच झाले होते. आमच्या पुस्तकांत शिकवलं होतं की पहिल्या तीन दिवसांतला संसर्ग आईकडून येतो आणि नंतरचा रुग्णालयाकडून. इथं तर पहिल्या तीन दिवसांतच रुग्णालयी जंतू. म्हणजे प्रसूतीच्या टेबलावर, नाळ कापताना, पहिल्या सक्शनला, पहिल्या दुपट्यातच तो बाळाची वाट बघत बसलेला असतो.

कोलिस्टिन सुरू केलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलेलं हे जुनं औषध. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून सत्तरच्या दशकात ते जवळजवळ बाजूला पडलं होतं. बाकी काही चालेना तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. आणि हेच औषध आपल्याकडे कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. ते थांबवण्याचा आदेश निघाला जुलै २०१९ मध्ये. आमच्या बाळानंतर तीन वर्षांनी. हे वाचलं त्या दिवशी मी पेपर घडी घालून बाजूला ठेवला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी नीट बोलू शकले नाही.

मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं म्हणजे आमच्या भाषेत लंगोट मोजायचं. कोरड्या लंगोटाचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर लघवी. पहिल्या दिवशी चौदा, अकरा, बारा. दुसऱ्या दिवशी नऊ, सहा. मग चार. मग कोरडं. प्लेटलेट घसरल्या, नळीतून रक्त येऊ लागलं. पोटाची कातडी ताणून चकाकायला लागली.

तिची आई खालच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात होती, सिझेरियनची. दर तीन तासांनी स्टीलच्या वाटीत दूध काढून पाठवायची. वाटीला झाकण, झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तिनं स्वतः लिहिलेली वेळ. बाळाचं तोंडानं दूध बंद केलं त्यानंतरही वाटी येत राहिली, कारण पान्हा टिकायला हवा होता. भेटायला दिवसातून एकदा दहा मिनिटं, तीही काचेतून. आत घ्यायचं नाही. का? तर संसर्ग होईल म्हणून.

नवव्या रात्री सव्वातीनला सगळं थांबलं. मी नळ्या काढल्या, कोमट पाण्यानं पुसलं, नव्या दुपट्यात गुंडाळलं. आईला वर आणलं होतं. मी बाळ तिच्याकडे धरलं. तिनं हात पुढे केले आणि मागे घेतले. बेसिनकडे बघितलं.

"सिस्टर, आधी हात धुऊ का?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, दारावरच्या चित्रात दाखवले होते तसे सगळे टप्पे करून. मग बाळ घेतलं.

सकाळी आजी कागद मागायला आल्या. फाइल रेकॉर्डला जायची होती, त्याआधी मी मागच्या कप्प्यातून तो काढून दिला. त्यांनी घड्या उलगडल्या, दोन्ही बाजूंनी बघितला आणि पुन्हा घडी घालून कनवटीला लावला.

त्या पंधरवड्यात तोच जंतू आणखी तिघांच्या रक्तात सापडला. त्यातलं एक गेलं. मग शोध सुरू झाला. लॅबच्या मॅडम कापसाचे बोळे घेऊन आल्या आणि मिळेल तिथून नमुने घेत सुटल्या: वॉर्मरच्या कडा, सक्शनची बाटली, बेसिनची जाळी, स्टेथोस्कोप, मोबाइल, आमचे हात. माझेही. चौथ्या दिवशी सापडलं. सलाईनची एक अर्ध्या लिटरची बाटली.

ती ट्रॉलीच्या कोपऱ्यावर लटकलेली असायची. रबरी बुचात एक सुई कायमची खोचलेली. बाळाच्या शिरेतली नळी बंद पडू नये म्हणून औषधाआधी नि नंतर मिलिलिटरभर सलाईन सोडावं लागतं, त्याला फ्लश म्हणतात. ज्याला लागेल त्यानं यायचं, सुईला सिरिंज लावायची, भरून घ्यायचं. बावीस बाळांना एक बाटली. सकाळी उघडली की दुसऱ्या सकाळपर्यंत. कुणाच्या तरी हातावरून त्यात क्लेबसिएला गेला असणार. खोलीच्या उबेत त्याला वाढायला तेवढं पुरतं. मग प्रत्येक फ्लशबरोबर आम्हीच तो शिरेत सोडला.

त्या बाटलीतून मीही फ्लश भरले होते. सात नंबरचे बहुतेक मीच. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे.

चौकशी झाली. चौकशीत नेहमी होतं तेच झालं, एका कंत्राटी मुलीला मेमो मिळाला. वयानं तेवीस. बाटली लटकवायची पद्धत ती यायच्या आधीपासूनची होती. दहा मिलिलिटरच्या छोट्या अँप्यूल, एका बाळाला एक, अशा वापरायला हव्यात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मागणी मी तीनदा लिहून दिली होती, साठा नव्हता. ज्याच्याकडे बोट दाखवणं सर्वांत स्वस्त पडतं त्याच्याकडे ते दाखवलं गेलं. मला याचा राग आजही येतो. हात धुतले नाहीत म्हणून सिस्टरला बोल लावणारे लोक हात धुवायला लागणारा वेळ कधी मोजत नाहीत.

मी मोजला. त्याच महिन्यात, वहीत. एका बाळाला आठ तासांच्या पाळीत कमीत कमी तीस वेळा हात लागतो: फीड, लंगोट, कूस बदलणं, औषध, सक्शन, तपासणी. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी आणि नंतर हात निर्जंतुक करायचे, अल्कोहोल चोळून निदान वीस सेकंद. म्हणजे एका बाळामागे वीस मिनिटं. तीन बाळं असतील तर पाळीतला एक तास नुसता हातांना. नवजात विभागात तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी असं ठरलेलं आहे, ते उगीच नाही. त्या दिवसांत आमच्या दोघींकडे बावीस होती, म्हणजे प्रत्येकीला अकरा. अकरा गुणिले वीस, दोनशेवीस मिनिटं. जवळजवळ पावणेचार तास. उरलेल्या सव्वाचार तासांत अकरा जीव सांभाळायचे. कुणीही माणूस कुठं काटछाट करेल? मी ते पान मोठ्या मॅडमना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं, आणि पुढच्या बैठकीत बाकी काही न बोलता तेवढंच पान टेबलावर ठेवलं. अँप्यूल आल्या. नळ बदलला. सिस्टर मात्र दोनच वाढल्या, त्यातली एक वर्षात सोडून गेली.

आयांना आत घ्यायचं ठरलं ते त्यानंतर, आणि सहज ठरलं नाही. माझाच विरोध होता. आणखी वीस बायका, आणखी चाळीस हात, असा माझा हिशेब. तेव्हा मोठ्या मॅडमनी मला बोगोटाचं उदाहरण दिलं. कोलंबियातल्या त्या शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात इनक्युबेटर पुरत नव्हते. एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवायला लागायची, एकाचा संसर्ग दुसऱ्याला व्हायचा. त्यांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. आपण ज्याला कांगारू मदर केअर म्हणतो ते तिथून आलं. गर्दी आणि संसर्ग यांतूनच ते निघालं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

२०२१ मध्ये त्याचा पक्का पुरावा आला. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून अभ्यास केला, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. एक ते १.८ किलोची बाळं स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवली, अतिदक्षता विभागातच. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं योग्य ठरलं नसतं. जंतुसंसर्गही कमी झाला. असं का, याचं एक उत्तर मला पटतं. जन्मलेलं बाळ जंतूंविना राहूच शकत नाही, त्याच्या कातडीवर, आतड्यात कुणी ना कुणी वस्तीला येणारच. आई जवळ असली तर आईच्या अंगावरचे साधे, माणसाळलेले जंतू आधी जागा धरतात. आई दूर असली तर वॉर्डातले धरतात. आम्ही संसर्गाच्या भीतीनं आईला काचेबाहेर ठेवलं होतं.

आईच्या दुधाचंही तेच. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा जिला दूध नाही, त्यालाही पावडरीऐवजी आईचंच दूध मिळावं म्हणून. पस्तीस वर्षं उलटली, तरी आपल्या कितीतरी विभागांत आजही बाळाला पहिले दोन दिवस डबा उघडून दिला जातो. इतकी जवळची गोष्ट इतकी वर्षं दूर राहावी याचं मला वाईट वाटतं.

बाहेरच्या जगाबद्दल थोडंच लिहिते. १ मार्च २०१४ पासून मेरोपेनेमसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. दुकानदारानं डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी पाकिटावरची लाल उभी रेघ सगळ्यांनी पाहिलेली असते. मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मावशी, पोराला दोन दिवस सर्दी आहे, मागच्या वेळचं सिरप अर्धं उरलंय, देऊ का?" मी नको म्हटलं. तो म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय?" त्याला मी सात नंबरची गोष्ट सांगितली. फोनवर बराच वेळ शांतता होती. त्यानं सिरप ओतून टाकलं की नाही मला माहीत नाही. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधरोधक जंतूंमुळे गेली, त्यांतलं दर पाचवं पाच वर्षांच्या आतलं मूल होतं, हा आकडा मी व्याख्यानांत सांगते. भाच्याला तो सांगितला असता तर तो "हो का" म्हणाला असता.

पाचवीचे कागद अजून येतात. पूर्वी मी ते फाइलमध्ये लपवायचे. आता आमच्याकडे पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं आहेत. कागद आत घालायचा, पाकीट स्पिरिटनं पुसायचं आणि भिंतीला, आईच्या खुर्चीमागे चिकटवायचं. पेनासकट. एका आजोबांनी तर सटवाईला चश्मा लागत असेल म्हणून अक्षर मोठं काढता यावं असा मोठा कागद दिला होता, तोही लावला.

काल रात्री आठला मी ओव्हर दिला. बेड चार, मुलगी, आजचा पाचवा दिवस, बत्तीस आठवडे. वजन १२४०, काल १२२५. फीड पंधरा मिलिलिटर, आईचंच, पचतंय. तळपाय उबदार. कल्चर अठ्ठेचाळीस तास निगेटिव्ह, सरांनी अँटिबायोटिक थांबवलंय, पुन्हा सुरू करायचं असेल तर आधी त्यांना फोन. फ्लशची अँप्यूल बाळाच्या स्वतःच्या ट्रेमध्ये, उरलेली टाकून द्यायची. आई आत आहे, दुपारपासून छातीवर घेऊन बसलीय, जेवलेली नाही, तिला ताट आणून दे आणि तोवर बाळ तू धर.